तिसरी जोडी

"भोकं पाडलेली नको, काका. दिसायला झकास, पण आपल्या रस्त्यांना साधीच बरी." तृप्तीनं ब्रेकची चकचकीत डिस्क बाजूला सारली आणि दुसरा खोका उघडला. "आणि पॅडही नवे घ्या. जुने पॅड नव्या डिस्कवर चढवले की चार दिवसांत पुन्हा तीच रड."

जालन्यातल्या स्पेअर पार्टच्या या दुकानात रामेश्वर पहिल्यांदाच आला होता. वडिलांच्या मागं ही पोरगी दुकान चालवते आणि खोटा माल ठेवत नाही, एवढं त्यानं ऐकलं होतं.

"माल खरा हाय ना, माय? बिलकुल खरा?"

"तिसऱ्यांदा विचारताय, काका."

"जोडी बी तिसरीच हाय. दीड वर्षात."

रामेश्वर अकरा वर्षांपासून एका कीर्तनकार महाराजांची गाडी चालवत होता. पंचक्रोशीत महाराजांना मोठा मान. गाडी गावात शिरली की बाया सामोऱ्या यायच्या, चाकांवर पाणी घालायच्या, ओवाळायच्या, मग महाराज खाली पाय ठेवायचे. रामेश्वरच्याही कपाळी बुक्का लागायचा आणि त्याचा दिवस गोड व्हायचा.

पण ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायचं, पायाखाली पेडल धडधडायचं. पुढच्या चाकांच्या डिस्क दोनदा बदलून झाल्या. दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच. आणि दोन्ही वेळा त्या बसवल्या होत्या म्हस्कूनं.

खरं दुखणं तिथं होतं. म्हस्कू मेकॅनिक नंतर, आधी जिवाचा दोस्त. महाराज कीर्तनाला उभे राहिले की मागं टाळकऱ्यांत हे दोघं खांद्याला खांदा लावून उभे. म्हस्कूचा टाळ असा, की ऐकणाऱ्याचा दिवसभराचा शीण उतरावा. असा माणूस नकली माल गळ्यात मारेल? पण विचारावं तर म्हस्कू मान खाली घालून एकच बोलायचा, "डिस्कच खराब निघाली, गड्या." ना सबब, ना भांडण.

मंठ्याच्या कीर्तनात महाराजांनीच विषय काढला. नाव घेतलं नाही. "गळ्यात माळ अन् हाताला भेसळ!" म्हणाले, मागं वळून पाहिलं आणि सारा मांडव म्हस्कूकडं बघू लागला. म्हस्कूचा टाळ थांबला नाही. एक मात्रासुद्धा चुकली नाही. निर्लज्ज आहे, असं रामेश्वरला वाटलं, आणि पुढं चहाच्या टपरीवर, गाड्यांच्या अड्ड्यावर तो ते बोललाही. गिऱ्हाईक तुटलं. चार महिन्यांत म्हस्कूचं गॅरेज बंद झालं.

"जुन्या आणल्यात का?" तृप्तीनं विचारलं.

रामेश्वरनं पोत्यातून दोन्ही जोड्या काढल्या. तिनं शिक्के पाहिले, जाडी मोजली, मग एकेक डिस्क उजेडाकडं धरली.

"सगळा माल अस्सल आहे, काका."

"मंग थरथर कशाची?"

"हे निळे डाग बघा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलंय. एकदा नाही, पुष्कळदा. वाकणारच ती. गाडी थांबल्या थांबल्या चाकावर पाणी कोण मारतं?"

रामेश्वरच्या डोळ्यांपुढं ओवाळणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. किती गावं, किती तांबे!

"मग कुठलीही डिस्क घाला," तृप्ती म्हणाली. "आधी ते पाणी थांबवा."

नव्या डिस्क पोत्यात टाकून तो थेट म्हस्कूच्या घरी गेला. म्हस्कू नुकताच जिनिंगवरून हमाली करून आला होता. केसांत सरकी-कापूस अडकलेला. रामेश्वरनं दारातच त्याचे पाय धरले.

"अरे, ऊठ! काय करून राह्यला हे?"

"मला माफ कर, म्हस्कू. तुझा माल खरा व्हता. पाण्यानं झालं सगळं. तुझं नाव म्या माझ्या तोंडानं मातीत घातलं, अन् तू एका शब्दानं बोलला न्हाईस."

म्हस्कूनं त्याला हाताला धरून उठवलं. त्याची बायको रेणुका चुलीपाशी बसली होती. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आता जातो अन् महाराजांना सांगतो," रामेश्वर डोळे पुसत म्हणाला. "त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! देवमाणूस हाय तो. पुढच्या कीर्तनात सगळ्या मांडवासमोर तुला जवळ घेतील. गॅरेज पुन्हा उघडू आपण."

"नको सांगू," म्हस्कू म्हणाला.

"का म्हणून?"

"नको म्हणलं ना."

"तुझ्यावाणी मोठ्या मनाचा माणूस म्या पाह्यला न्हाई रे! पर मला राहवत न्हाई. अन् टाळ घेऊन उद्या तू यायचंस, मी न्यायला येतो."

म्हस्कूनं गळ्यातली माळ मुठीत धरली आणि तो मागच्या दारानं निघून गेला. रामेश्वर त्याच्या मागं निघणार, तोच रेणुकानं परातीतून हात काढले.

"बसा, भावजी. शपथ त्यांना हाय, मला न्हाई."

"कसली शपथ, वहिनी?"

"तुमच्या गाडीची पहिली जोडी उतरवली, त्याच दिवशी हे महाराजांना पाण्याचं सांगून आल्ते. महाराज म्हणले, चाकावरचं पाणी बंद झालं तर माझा मान जाईल. अन् ह्यांच्या गळ्यातली माळ ह्यांच्याच हातात देऊन वदवून घेतलं, की कोणी बी इचारलं तरी, डिस्कच खराब निघाली म्हणायचं."