धुळीचा गृहपाठ

पर्यावरण नियोजनाच्या प्रशिक्षणात त्या दिवशी सगळ्यांना गृहपाठ मिळाला. धूळ मोजायचं छोटं यंत्र घरी न्यायचं आणि घरात धूळ नेमकी कुठून येते, ते शोधायचं. प्रशिक्षणाला आलेल्या, नगररचना खात्यातल्या एका बाईंना त्यात शोधण्यासारखं काही वाटलंच नाही. लेकीचा खोकला कितीतरी महिने हटत नव्हता आणि त्याचं खापर त्यांनी केव्हाच समोरच्या हमरस्त्यावर फोडलं होतं.

संध्याकाळी मायलेकी यंत्र घेऊन घरभर फिरल्या. खिडकीपाशी आकडा जेमतेम हलला. स्वयंपाकघरातही तेच.

"आई, खिडकीतून तर काहीच येत नाही गं!" लेक खोकत खोकत म्हणाली.

बाई चक्रावल्या. यंत्रच बिघडलं असेल, असं त्या म्हणेपर्यंत बेल वाजली. फरशी कापण्याच्या कारखान्यातून नवरा घरी आला होता. लेक यंत्र हातात घेऊनच धावली आणि रोजच्यासारखी त्याच्या अंगावर झेपावली. त्यानं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

यंत्राचा दिवा लाल झाला आणि आकडा भराभर चढू लागला.

"हे काय नवीन खूळ?" त्यानं हसत विचारलं.

"धूळ मोजतंय," बाई कशाबशा बोलल्या.

त्याचं हसू मावळलं. त्यानं आकड्याकडे पाहिलं, स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि लेकीला अलगद खाली ठेवलं.


"बाबा, अजून थोडं जवळ घे ना," लेकीनं हात पसरले, आणि तो एक पाऊल मागे सरला.