खत झालं की उठेन

पायाचं प्लास्टर निघालं तरी सासरे खाट सोडेनात. "बाल्कनीतल्या पिंपात खत तयार झालं की उठेन," एवढाच हेका. पण थंडीत भाजीच्या साली कुजायचं नावच घेईनात! हॉस्पिटलातली ड्युटी संपवून आलेली नर्स सून रोज पिंप ढवळून मेटाकुटीला आली. शेवटी तिने पिंप रिकामं करून त्यात विकतचं खत ओतलं आणि हाक मारली, "बाबा, झालं हो एकदाचं!"

काठी टेकत, भिंत धरत सासरे बाल्कनीत पोचले. मूठभर खत चिवडून म्हणाले, "यात अंड्याचं एक टरफल नाही. विकतचं आहे हे!"

आता हे परत खाट धरणार, असं समजून ती त्यांना आधार द्यायला पुढे झाली.

"कच्चं कुठे लपवलंस? आण इकडे. उद्यापासून मी ढवळतो, तू झोप जरा."