शेपटाची पाळी

गावाची पाळी आली, तसं इनूस पाटकऱ्यानं कालव्याचं दार उघडावं तसं नेट सोडलं. मथुराबाईंच्या पडद्यावर लेकीनं पाठवलेला नव्या नातीचा फोटो वरून उतरू लागला. जावळ दिसलं, कपाळ दिसलं आणि भुवयांशी फोटो थांबला.

“वरच्या गावांत लग्नं आहेत, मावशी,” इनूस म्हणाला. “सगळं नेट तिकडंच जिरतंय. शेपटाच्या गावाला एवढंच पोचतं.”

“आता परत कधी?”

“बारा दिवसांनी.”

“मग लेकीला निरोप धाड. पुढच्या पाळीला डोळ्यांपासून खालचा फोटो पाठव म्हणावं.”

“तोवर पोर बदलेल की!”

“बदलू दे,” मथुराबाई थकून म्हणाल्या. “थोरल्या नातवाच्या चेहऱ्याला पंधरा पाळ्या लागल्या. हनुवटी उतरली, तेव्हा त्याला दात आले होते.”