वॉकरवरची झूल

"सहा महिने आईचा पाय भुईला लागू दिला नाय," शिनोलीच्या गोरखने अभिमानाने सांगितलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवसापासून वॉकरने चालवायला सांगितलं होतं. पण पहिल्याच पावलाला आई कण्हली आणि त्याने उचलून खाटेवर निजवलं, ते कायमचं. चालवलं असतं तर म्हातारीचे हाल करतो, असं गाव म्हणालं असतं. आज घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिचे दुमडलेले गुडघे सरळ करून पाहिले, होईनात. कोपऱ्यातल्या कोऱ्या वॉकरवर शर्यतीच्या बैलाची झूल होती. "पळतो का बैल?" बाईंनी विचारलं. "शर्यतीच्या घाटात एक नंबर! रोज चालवतो ना. बांधून ठेवला तर पाय आखडत्यात..." गोरख बोलता बोलता थांबला. त्याने झूल ओढून काढली, वॉकर खाटेपाशी आणला. आईने तोंड भिंतीकडे वळवलं. "तू बैल सोडायचा, तवा मी रोज म्हणायची, मलाबी ने रं."