कानबाईच्या पदरात केशऱ्या

या, अशा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही, कारण हिच्यात साप आहे आणि तो थेट देवीच्या पदरात बसलेला आहे. भिऊ नका. ऐकून झाल्यावर हसतच उठाल.

श्रावणातला रविवार, दिवेलागणीची वेळ. जळगावात, मेहरूण भागातल्या एका घरात खानदेशची कानबाई बसली होती. चौरंगावर नारळाची देवी, नथ ल्यालेली, हिरवं लुगडं नेसलेली. भोवती गल्लीतल्या बाया, गाणं ऐन रंगात. इतक्यात समईच्या बाजूला देवीच्या पदराची घडी हलली आणि तिच्यातून एक केशरी तोंड बाहेर आलं.

गाणं थांबलं.

"वच्छला अक्का, तुमना घर माय पावनी व!" शेजारच्या कुंदाबाईंनी हात जोडले. "साक्षात नागोबा शे हाऊ! दूध आना व कोनी!"

एक बाई वाटी आणायला पळाली. एकीने कुंकवात अंगठा बुडवला. एक दारात जाऊन गल्लीला हाका मारू लागली.

दाराशी उभ्या असलेल्या हेमांगीने, वच्छलाबाईंच्या नातीने, ते तोंड लगेच ओळखलं. तो तिचा केशऱ्या होता. कॉर्न स्नेक, परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर नोंद करून पाळलेला. राहायचा तिच्या खोलीत, काचेच्या पेटीत. देवीपुढच्या दिव्यांच्या माळेला सॉकेट हवं म्हणून वच्छलाबाईंनीच दुपारी पेटीखालच्या गरम पट्टीची पिन काढली होती. वायर ओढायला पेटी सरकवली ती डोळे घट्ट मिटून. त्यात झाकणाची कडी निसटली ते त्यांना कळलंच नाही. गारठलेला केशऱ्या ऊब शोधत समईपाशी आला.

आणि कालच त्याला जेवू घातलं होतं. आता कोणी पोट दाबून ओढलं, तोंडात दूध ओतलं, तर खाल्लेलं सगळं उलटून पडणार. मग तो वाचेल याचा भरवसा नाही.

हेमांगी पुढे धावली. बायांनी तिला अडवलं.

"लांब हो! बसलेल्या कानबाईला उपासाच्या बाईशिवाय कोणी शिवतं का?"

उपास वच्छलाबाईंचा होता.

"आजी," हेमांगीचा आवाज रडवेला झाला, "सांग ना गं त्यांना!"

वच्छलाबाई देवीकडे बघत राहिल्या. देव भक्ताच्या घरी येतो, कुठलंही रूप घेऊन येतो, हे त्यांनी जन्मभर कीर्तनात ऐकलं होतं. ऐकताना दर वेळी डोळे भरून आले होते. आज तेच सगळी गल्ली म्हणत होती, आणि तेही त्यांच्या घराबद्दल. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी उद्या धुळ्यापर्यंत नाव झालं असतं.

दुधाची वाटी पदरापाशी पोचली.

"थांबा व!" वच्छलाबाई म्हणाल्या. "हाऊ देव नई. आमनी हेमांगीना साप शे. दूध नई चाले याले. याले उंदीर लागतस."

"उंदीर?" कुंदाबाईंचे जोडलेले हात सुटले. "उंदीर कोठून आनतस?"

"फ्रिजमा ऱ्हातस."

 मग कुंदाबाईंनी हळूच विचारलं, "मंग सरबतमा बरफ कोठला व्हता व अक्का?"

"त्याना फ्रिज येगळा शे, माय!"

आधी एक हसली, मग दुसरी, मग कुंकवाचा अंगठा तसाच हवेत धरून तिसरी. एक बाई मात्र तोंड वाकडं करून म्हणाली, "उंदीर खाणारा, आणि देवीच्या अंगावर?"

"देवीने हाकललं का त्याला?" वच्छलाबाईंनी विचारलं. "तिला चालतंय. तुला काय गं?"

पण बोलणं वेगळं आणि हात घालणं वेगळं. सापाला हात लावायचा म्हटल्यावर वच्छलाबाईंनी पुन्हा डोळे मिटले. त्यांनी कानबाईचं नाव घेतलं.

"खालून आधार दे, आजी," हेमांगी लांबूनच सांगत होती. "दोन्ही हातांनी. धरू नकोस, नुसता पेल. पोटावर दाब नको."

"तू गप. महिनोन्‌महिने ऐकतेय तुझं. समदं पाठ शे मला."

आणि खरंच पाठ होतं. केशऱ्या ओंजळीत आला. जीभ लवलवली, मनगटाचा वास घेतला, आणि मग बांगड्यांवरून सावकाश वर चढून त्याने हाताला दोन वेढे दिले आणि निवांत झाला.

"अगं बाई," वच्छलाबाई पुटपुटल्या, "हा तर मऊ आहे!"

"दे आता, आजी. पेटीत ठेवते."

"पेटी गार पडलीय माझ्यापायी. तू आधी जाऊन पिन लाव. ती तापेपर्यंत राहू दे इथंच." मग बायांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही काय बघत बसल्या? कानबाई ताटकळली ना! म्हणा पुढलं."

त्यांनीच सूर उचलला. बायांनी धरला. पण गाण्याला टाळी हवी, आणि वच्छलाबाईंच्या एका हातावर तर केशऱ्या झोपायला आलेला. दुसरा हात नुसताच हवेत ताल धरून हलत होता.

कुंदाबाईंनी ते पाहिलं. सापावरची नजर तसूभर न हलवता त्या पुढे सरकल्या, अंग होईल तेवढं मागे ठेवून एक हात लांब केला आणि आपला तळवा वच्छलाबाईंच्या तळव्यावर मारला. मग पुन्हा. मग गाणं संपेस्तोवर दोघींची मिळून एक टाळी वाजत राहिली.

तुम्हीही कधी देवापुढे टाळी वाजवाल. तेव्हा मेहरूणच्या वच्छलाबाईंना एकदा मनात आणा, एवढंच मागणं.