आईचा चमचा

शिजवलेल्या वाटाण्याचा आमचा अख्खा कंटेनर परदेशातल्या बंदरावरून परत आला, कारण निम्मी पाकिटं फुगली होती. दादाने फुगलेली बाजूला काढली आणि उरलेल्यांवर नवी लेबलं चिकटवायला बायकांना बसवलं.

"दुसऱ्या देशात पाठवू. तिथे एवढं कोणी तपासत नाही."

"दादा, सगळा माल एकाच दिवशी शिजवलाय! आज नाही फुगला तर बोटीत फुगेल. माणसं मरतील!" माझं डोकं फिरलं होतं.

"काही मरत नाही कोणी. उन्हाने फुगलीत थोडी. तू उगाच बोंबलू नकोस."

तेवढ्यात आई तिचा चमचा घेऊन आली. हा कारखाना तिनेच उभा केलेला, आणि तेव्हापासूनचा तिचा शिरस्ता, की कंटेनरला सील लागण्याआधी त्यातलं एक पाकीट फोडून चमचाभर खाऊन बघायचं. माल परत आलाय हे दादाने तिला कळूच दिलं नव्हतं. तिने नवं लेबल लावलेलं एक पाकीट उचललं, कात्रीने कोपरा कापला आणि चमचा भरून तोंडाशी नेला.

दादा धावत आला. त्याने तिच्या हातावर असा फटका मारला की चमचा भिंतीवर जाऊन आदळला.

"आई, तू नको खाऊस!"

लेबलं चिकटवणारे सगळे हात थांबले. आई लाल झालेलं मनगट चोळत त्याच्याकडे बघत राहिली.

"मी नको ना? मग कोणाच्या आईसाठी भरतोयस हे?"