म्हातारी जेवली का?

भर दुपारी पडदे ओढून सौरभ तासभर तिघांना घाबरवायच्या खटपटीत होता, आणि घाबरायला एकही जण तयार नव्हता.

खेळ त्याने स्वतः लिहिला होता. टेबलाभोवती बसून, बोलत बोलत, हत्यारांचे पत्ते वाटून, फासे टाकत खेळायचा. वहीवर लाल शाईत ‘फक्त प्रौढांसाठी’. शहरातल्या तिघांची गाडी घाटापलीकडच्या रानात बंद पडते, आणि तिथल्या वस्तीवरची माणसं माणसं खातात! पण तो कॅफेत खेळायला ठेवण्याआधी खराडीच्या कॅफेवाल्याने तोंडावर सांगितलं होतं, “शनिवारपर्यंत एकाच्या तरी अंगावर काटा आणून दाखवा. नाहीतर आमचा कॅरम आहेच.” सहा महिन्यांची मेहनत कॅरमपाशी येऊन अडली होती.

त्यात मित्रांपैकी विक्रम आणि पूर्वा आले, तिसरा गडी आलाच नाही. त्याच्या खुर्चीत पूर्वाचे वडील बसले होते. हिंमतराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. लेकीला न्यायला म्हणून वारज्याला सौरभच्या घरी आले, आणि “काय चाललंय बघू तरी” म्हणत टेकले ते उठायचं नाव घेईनात.

“झोपडीचं दार करकरतं,” सौरभने आवाज खाली नेला. “आत एक म्हातारी. तोंडात एकच दात. ती ताट पुढे करते. म्हणते, जेवा.”

नेमकी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. विक्रम फिस्सकन हसला.

“मी कुऱ्हाड घालतो तिच्या डोक्यात,” तो म्हणाला.

“मी पळते,” पूर्वा म्हणाली. “अण्णा, तुम्ही?”

“मी हातपाय धुतो.”

दोघं खो खो हसली. हिंमतराव हसले नाहीत.

“दात काय काढताय? वीस वर्षं मुक्कामाची गाडी नेली मी असल्या वस्त्यांवर. रात्रीला गाडी तिथंच उभी, पहाटे परत. जेवण कुणाच्या तरी घरी. आधी हातपाय धुवायचे, मग पाटावर बसायचं.” ते सौरभकडे वळले. “ताटात काय हाय?”

“मटण,” सौरभ शक्य तितक्या भेसूर आवाजात म्हणाला.

“बरं. आणि म्हातारी जेवली का?”

सौरभने वही चाळली. दाताची लांबी होती, कोयत्याची धार होती, किती घावांत म्हातारी मरते तेही होतं. ती जेवते कधी, हे कुठेच नव्हतं. वैतागायच्या ऐवजी त्याला कुतूहलच वाटलं.

“का हो काका?”

“एका वस्तीवर चंपाआजी होती. अख्खा पावसाळा तिच्याकडं जेवलो मी. म्हणायची, तू खा लेकरा, माझं मगाशीच झालं. एका रात्री पाण्याला उठलो, तर चुलीपाशी बसून माझंच ताट बोटानं निपटून चाटत होती.” हिंमतरावांनी टेबलावर बोट गोल फिरवून दाखवलं. “आन् मी ताटात कधी काय ठेवायचो न्हाई.”

विक्रमने कुऱ्हाडीचा पत्ता हळूच पालथा घातला. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. या वेळी कुणी हसलं नाही.

खेळाचा नियम साधा होता, जे वहीत नाही ते फाशावर ठरायचं. सौरभने वीस बाजूंचा फासा हिंमतरावांपुढे सरकवला.

“टाका काका. दहाच्या वर आला, तर ती जेवलीय.”

हिंमतरावांनी फासा उचलला. मुठीत धरला. मूठ उघडेचना.

“अण्णा, खेळ आहे हो नुसता,” पूर्वा म्हणाली.

त्यांनी फासा होता तिथे परत ठेवला आणि तळहात विजारीला पुसले.

“नको बाबा,” ते म्हणाले. “दहाच्या खाली आला म्हणजे?”